पाय चालत असतात, मन बसतं. चौदाव्या किलोमीटरचं काय करायचं?

लांबपल्ला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय कारण हा प्रश्न डोक्यातून जातच नाहीये.

मी चार वर्षं पळतेय. हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर. आत्तापर्यंत सहा केल्या आणि त्यातल्या पाच वेळा एकच गोष्ट झाली, १३-१४ किलोमीटरच्या आसपास मी चालायला लागले. पायात गोळा आला म्हणून नाही, दम लागला म्हणून पण नाही, घड्याळात हार्ट रेट नेहमीचा, पेस (वेग) ठरवलेलाच. पण तिथे आलं की डोक्यात हिशोब सुरू होतो, अजून सात राहिले, अजून इतकी मिनिटं, आणि मग एक अगदी समजूतदार आवाज म्हणतो की जरा चाल ना, एकच मिनिट, कोणाला काय फरक पडतोय. आणि मी चालते. एकदा चालले की मग प्रत्येक किलोमीटरला चालते. घरी आल्यावर दोन तासांनी पाय ताजेतवाने असतात आणि मला रडू येतं, कारण ताजे पाय म्हणजे माझ्याकडे शिल्लक होतं आणि मी ते दिलं नाही.

दुसरं म्हणजे सराव. १२ आठवड्यांचा प्लॅन चौथ्या-पाचव्या आठवड्यात मोडतो. एक दिवस चुकतो, मग वाटतं आता हा आठवडा गेलाच, सोमवारपासून नीट करू, आणि तो सोमवार तीन आठवड्यांनी उगवतो. घरात मला आरंभशूर म्हणतात. प्रेमानेच म्हणतात पण लागतं मनाला.

फक्त पळण्याचं असतं तर सोडून दिलं असतं हो. पण माझ्या कामातली एक परीक्षा आहे, तिचं पण हेच झालंय, दोनदा फॉर्म भरला आणि दोनदा अभ्यास अर्ध्यात सोडला. तिथे पण तोच आवाज. म्हणून आता वाटायला लागलंय की हा पायांचा प्रश्न नाहीच.

एका ट्रेनरनी सांगितलं की तुझ्यात भूकच नाही. हे ऐकून मी महिनाभर पळलेच नाही. तर खरंच विचारतेय, मनाची शिस्त ही अंगातच असावी लागते का? की ती कमावता येते, आणि येत असेल तर नेमकं रोज काय करायचं? प्रेरणादायी व्हिडिओ नका पाठवू प्लीज, ते बघून मी तीन दिवस पळते.

शांत_नेम

मी ११ वर्षं एअर रायफल मारली, आता लहान मुलांना शिकवतो. पळण्यातलं मला काही कळत नाही पण तो समजूतदार आवाज मी ओळखतो, म्हणून लिहितोय.

आमच्या खेळात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो १० मीटर लांब. तिथे चेव, त्वेष, दातओठ खाणं ह्याचा काडीचा उपयोग नाही, उलट जितका जोर लावाल तितकी नळी हलते. त्यामुळे आम्हाला शिस्त म्हणजे काय ते वेगळ्याच टोकाने शिकवतात. रायफल उचलली, गाल टेकवला, श्वास सोडला, नेम धरला, आणि ठरलेल्या काही सेकंदांत तो स्थिर झाला नाही तर ट्रिगर दाबायचा नाही. रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पहिल्यापासून सगळं परत. ऐकायला किती सोपं आहे! पण नवीन मुलं खाली घेतच नाहीत. घड्याळ चाललंय, शेजारचा मारतोय, इतका वेळ धरलीये तर आता मारूनच टाकू, आणि तो शॉट जातो आठात. मला रायफल खाली घ्यायला शिकायला तीन वर्षं लागली, हे अगदी खरं सांगतो.

त्या तीन वर्षांत मला जे कळलं ते एवढंच, की नेम धरलेला असताना काही ठरवायचं नसतं. ते आधीच ठरलेलं असतं. किती सेकंद धरायचं, काय झालं तर खाली घ्यायचं, खाली घेतल्यावर काय करायचं, सगळं घरी वहीत लिहिलेलं. रेंजवर फक्त अंमलबजावणी.

अभिनव बिंद्रा २००४ ला अथेन्सच्या फायनलमध्ये सातवा आला होता. २००८ ला बीजिंगमध्ये शेवटच्या शॉटच्या आधी तो आणि फिनलंडचा हॅकिनेन बरोबरीत होते. एकच शॉट राहिलेला. बिंद्राचा १०.८ गेला आणि त्याला सुवर्ण, हॅकिनेनचा ९.७ आणि तो थेट तिसऱ्या क्रमांकावर. लोकांना वाटतं त्या शॉटला बिंद्राने काहीतरी जादा केलं असेल. मी ते फुटेज कितीतरी वेळा बघितलंय, मला तरी त्यात जादा काहीच दिसत नाही, आधीच्या शॉटला जे केलं तेच. त्या क्षणी तेच करता येणं ह्यासाठी चार वर्षं लागतात.

तुमचं १४ व्या किलोमीटरला काय होतंय तर तुम्ही तिथे दर वेळी नव्याने ठरवायला बसताय, पळू का चालू. दमलेल्या माणसाला न्यायाधीश केलं तर निकाल चालण्याच्याच बाजूने लागणार ना. ते प्रकरण तिथे सुनावणीला येऊच देऊ नका. आज घरी बसून एका कागदावर लिहा, १३ ला मी काय करणार, १४ ला काय, तो आवाज आला तर त्याला नेमकं काय उत्तर. आणि भूक वगैरे बोलणाऱ्याचं मनावर घेऊ नका. सहा हाफ मॅरेथॉन बिनभुकेच्या होत नाहीत.

सकाळचा_गजर

वाचतोय. माझा प्लॅन पण पाचव्या आठवड्यातच मोडतो नेहमी. वाखूसा (वाचनखूण साठवली).

प्रश्नचिन्ह

मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे, हौशी सायकलिंग करतो. शांत_नेम ह्यांच्या प्रतिसादाला +१ आणि त्यांनी अनुभवातून जे सांगितलं त्यावर अभ्यास पण झालेत म्हणून जरा लांब लिहितो.

२००२ मध्ये मिल्न, ऑर्बेल आणि शीरन ह्यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. आठवड्यातून निदान एकदा २० मिनिटं चांगला घाम येईल असा व्यायाम करायचा, एवढीच अपेक्षा. पहिल्या गटाला काही खास सांगितलं नाही, त्यातल्या ३८ टक्के मुलांनी केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराचा धोका, व्यायामाचे फायदे, सगळी माहिती दिली. त्यातल्या ३५ टक्क्यांनी केला. म्हणजे प्रेरणा देऊन काहीही फरक नाही! तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली आणि वर एक वाक्य पूर्ण करायला सांगितलं, की मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करेन. त्या गटातल्या ९१ टक्क्यांनी केला. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे परत तपासले होते. गोलविट्झर नावाच्या शास्त्रज्ञाने ह्या ‘जर-तर’ ठरवण्यावर आयुष्यभर काम केलंय आणि त्याचं म्हणणं साधं आहे, ‘जर हे झालं तर मी ते करेन’ असं आधी बांधून ठेवलं की त्या वेळी मनाला वाद घालायला जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट इच्छाशक्तीबद्दल. इच्छाशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी वापरली की संपते, असं १९९८ पासून बरीच वर्षं शिकवलं जायचं. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून २००० पेक्षा जास्त लोकांवर ते तपासलं आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून चालू आहे पण ‘माझी इच्छाशक्तीच कमी आहे’ असं स्वतःला सांगायला जेवढा आधार लोकांना वाटतो तेवढा नक्कीच नाहीये. उलट हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लोकांना दिवसभर मधूनमधून विचारून बघितलं की आत्ता कसला मोह होतोय, तर ज्यांचा संयम मोठा समजला जातो त्यांना मोहाशी झगडावंच कमी लागत होतं. त्यांनी दिवसच असा लावलेला असतो की भांडण कमी होतं. आपण बाहेरून बघतो आणि म्हणतो काय जबरदस्त मनोनिग्रह आहे.

आणि तुमच्या सोमवारबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगून रोजची नोंद घेतली. २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे फिरतं ते विसरा, साधारण ६६ दिवस आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत एवढा फरक निघाला (१२ आठवड्यांपुढचे आकडे हा नोंदींवरून काढलेला अंदाज). पण तुमच्यासाठी महत्त्वाचं हे, की मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा म्हणावा असा परिणाम झाला नाही. तुमचा प्लॅन त्या एका चुकलेल्या दिवसाने मोडलेला नाहीये. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःला जे काही म्हणालात ना, त्याने मोडलाय.

जुनी_पायवाट

सगळ्यांचं वाचलं. वय ६४, ऐन उमेदीत ८०० मीटर पळायचो, नंतर २० वर्षं मुलांना शिकवलं. जरा वेगळं मत आहे, राग मानू नये.

आमच्या वेळी हार्ट रेट दाखवणारं घड्याळ नव्हतं, कोच मनगट धरून मोजायचे. कागदबिगद नव्हता. पाऊस असो की थंडी, साडेपाचला मैदानावर, विषय संपला. ज्या दिवशी नको वाटतं त्या दिवशी तर नक्की यायचं, कारण नको वाटणाऱ्या दिवशी जे पळतात तेच शेवटच्या २०० मीटरला उभे राहतात. ८०० मध्ये दुसऱ्या लॅपच्या बॅकस्ट्रेटवर (पलीकडच्या सरळ पट्ट्यावर) प्रत्येकाचं मन म्हणतं सोड, जगज्जेत्याचंही म्हणत असणार. तिथे संशोधन नाही, सवय कामाला येते. मुलांना जरा कडक वागवलं की आजकाल आईवडील येऊन भांडतात, आणि मग तीच मुलं स्पर्धेत हातपाय गाळतात. लांबपल्लाताई, तुम्ही स्वतःशी जरा कडक व्हा, एवढंच माझं सांगणं.

खेळाडूची_आई

काका, तुमच्या वयाचा आणि अनुभवाचा मान ठेवून लिहितेय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझी लेक जिम्नॅस्टिक्स करायची. १३ वर्षांची होती. तिचे कोच कडक होते आणि मला ते आवडायचं, मीच सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. दुखतंय म्हटलं की सगळ्यांसमोर ऐकवायचे, मनाने कच्ची आहेस म्हणून. लेक हळूहळू दुखतंय म्हणायचीच बंद झाली. सहा आठवडे तिचं मनगट दुखत होतं आणि तिने मलाही सांगितलं नाही. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा हाडाच्या वाढीच्या भागाला इजा झालेली होती. मी तिला विचारलं अगं सांगितलं का नाहीस, तर म्हणाली, आई मला वाटलं सगळ्यांनाच एवढं दुखतं आणि त्या सहन करतात, मीच कच्ची आहे.

ह्याला शिस्त म्हणायची का काका? तिच्याकडे सहन करायची ताकद भरपूर होती. थांबायची ताकद कोणी दिलीच नव्हती.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स, तिचं उदाहरण मला तेव्हा फार आधाराचं वाटलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, जे २०२१ ला झालं, टीम फायनलमध्ये एका व्हॉल्टनंतर (धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी) ती थांबली. अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या, हवेत आपण नेमके कुठे आहोत ह्याचं भानच सुटलं होतं तिचं. जगभरातून केवढी टीका झाली, मनाने कमकुवत म्हणून. त्याच स्पर्धेत काही दिवसांनी ती बीमवर (अरुंद पट्टीवरची कसरत) उतरली आणि ब्राँझ घेतलं. मग मोठी विश्रांती, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य. सगळं जग बघत असताना ‘आज मी हे करणार नाही’ म्हणणं ह्याला शांत_नेम म्हणतात तशी रायफल खाली घेणंच म्हणावं लागेल ना?

लेक आता परत खेळते, दुसऱ्या कोचकडे. तिथे सरावाआधी मुलं एका वहीत स्वतः लिहितात आज कुठे आणि किती दुखतंय, ० ते १०. खोटं लिहिलं तर ते कोच रागावतात, खरं लिहिलं तर कधीच नाही. आणि सराव मात्र तेवढाच कठीण घेतात, किंबहुना जास्तच.

जुनी_पायवाट

ताई, दोन दिवस विचार करत होतो काय लिहावं. मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं आणि माझ्या हाताखालचे दोन-तीन चेहरे डोळ्यापुढे आले ज्यांनी मला कधीच काही सांगितलं नाही आणि एक दिवस यायचे बंद झाले. मी समजायचो त्यांच्यात दम नव्हता.

कडक सरावाबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण कडक सराव आणि कडक बोलणं ह्या दोन गोष्टी मी एकच समजत होतो, ते चुकलंच.

एक कामाची गोष्ट सांगतो. दुखणं दोन जातीचं असतं. एक पसरलेलं, जळजळीत, दोन्ही पायांना सारखं, वेग कमी केला की दोन मिनिटांत ओसरणारं. ते सरावाचं दुखणं, त्याच्याशी ओळख करून घ्यायची. दुसरं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं, एकाच बाजूला, पळत राहिलं की वाढत जातं आणि रात्री झोपेत पण जाणवतं. ते आलं की त्या क्षणी थांबायचं. ह्या दोन्हींतला फरक ज्याला कळला त्याला मी तयार खेळाडू म्हणतो. लांबपल्लाताई, तुमचं १४ ला होतं ते पहिल्या जातीचं पण नाही, ते दुखणं यायच्या आधीच्या भीतीचं आहे असं मला वाचून वाटतं.

लांबपल्ला

काका, शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. हो, खरंच तसंच आहे. दुखत नसतं, दुखेल असं वाटत असतं.

खेळाडूची_आई, लेकीला खूप शुभेच्छा.

मी कागद लिहिला. १३ ला पाणी, १४ पासून हिशोब बंद, फक्त पुढचा खांब बघायचा. आवाज आला तर म्हणायचं ‘अजून शिल्लक आहे’. पण रविवारी १६ किलोमीटर पळायला गेले तर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे १२ वरच बुटाची लेस सुटली, थांबावं लागलं, आणि त्या थांबण्याने सगळं विस्कटलं, कागदातलं काही आठवेचना. दुसरं म्हणजे ते वाक्य तिथे खोटं वाटलं, दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं. आता काय करू?

पाण्यातली

लेस सुटली ते फार बरं झालं असं म्हणेन मी.

पोहणाऱ्यांमध्ये फेल्प्सची एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. २००८, बीजिंग, २०० मीटर बटरफ्लाय. उडी मारल्यापासून गॉगलमध्ये पाणी शिरायला लागलं आणि शेवटी शेवटी त्याला भिंत दिसतच नव्हती. बटरफ्लायमध्ये गॉगल काढून टाकायला हात रिकामा कुठे असतो, थांबलात की संपलं. त्याने स्ट्रोक मोजले. तलावाच्या एका लांबीला आपल्याला किती स्ट्रोक लागतात हे त्याला पक्कं माहीत होतं, मोजत मोजत भिंतीला हात लावला आणि १:५२.०३, नवा विश्वविक्रम. त्याचा कोच बॉब बोमन सरावात मुद्दाम गोष्टी बिघडवायचा आणि रोज रात्री झोपताना अख्खी रेस डोळ्यासमोर चालवायला लावायचा, त्यात सगळं छान होणारी रेस असायची तशी बिघडणारी पण असायची.

आपण डोळे मिटून काय बघतो? फिनिश लाइन, टाळ्या, मेडल. मी पण वर्षानुवर्षं तेच बघायचे आणि रेसमध्ये पहिल्याच टर्नला पाय घसरला की माझा सगळा सिनेमा संपायचा. आता मी आठवड्यातून एकदा फक्त बिघाड बघते. टोपी निघाली तर काय, शेजारचीने पहिल्या ५० ला मागे टाकलं तर काय, आणि प्रत्येकाला एकच छोटं उत्तर. लेस सुटली तर? बांधायची, दोन खोल श्वास, पहिली वीस पावलं हळू, मग पेस. एवढं कागदावर वाढवा. आणि सरावात एकदा मुद्दाम सोडा लेस, १२ वर.

प्रश्नचिन्ह

वाक्य खोटं वाटतं ह्याबद्दल. ब्लँचफील्ड, मार्कोरा वगैरेंनी २०१४ मध्ये २४ लोकांना सायकलवर पार दमेपर्यंत बसवलं होतं. त्यातल्या अर्ध्यांना दोन आठवडे स्वतःशी काय बोलायचं ते शिकवलं, बाकीच्यांना नाही. शिकलेले लोक नंतर १८ टक्के जास्त वेळ टिकले आणि तेवढ्याच श्रमाला त्यांना कमी श्रम वाटत होते. पण त्यात ती वाक्यं लोकांनी स्वतः निवडली होती, सरावात वापरून बघितली, न पटलेली टाकली, सुरुवातीला वेगळं आणि शेवटाकडे वेगळं. तुमचं वाक्य एका आठवड्यात पाठ होईल पण तुमचं व्हायला वेळ लागेल. चार-पाच वाक्यं घेऊन बघा, एखादं चिकटेल.

अजून एक, तुम्ही परीक्षेचा अभ्यास करून लगेच लांब पळायला जाता का? मार्कोराच्याच २००९ च्या अभ्यासात १६ लोकांना आधी ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं तेव्हा ते सायकलवर सरासरी ६४० सेकंद टिकले, आणि तेवढाच वेळ साधी माहितीपर फिल्म बघितली तेव्हा ७५४ सेकंद. हृदय, स्नायू ह्यांच्या मोजमापात काही कारण सापडलं नाही, फक्त श्रम जास्त वाटत होते. मन दमलं की पाय जड ‘वाटतात’.

लांबपल्ला

अरे देवा. रविवारी सकाळी पाच ते साडेसहा अभ्यास आणि मग पळणं, असंच करत होते मी! कारण अभ्यास आधी संपवला की मोकळं वाटतं.

चौथा_स्टंप

पळत नाही, क्रिकेटवाला आहे. ह्या धाग्यावर सिडनी, जानेवारी २००४ आलं नाही ह्याचं आश्चर्य वाटतंय म्हणून लिहितो.

सचिनची ती मालिका वाईट चालली होती. ०, १, ३७, ०, ४४ असे स्कोअर. ऑफस्टंपबाहेरचे बॉल खेळायला जाऊन आउट होत होता. सिडनीला त्याने ठरवलं की कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही. त्याचा सगळ्यात देखणा शॉट, ज्यासाठी लोक तिकीट काढून यायचे तो. ४३६ बॉल खेळला, २४१ नाबाद, बॉलर बाहेर टाकून टाकून दमले आणि तो सोडत राहिला. पाय पुढे जातोय, बॉल ड्राइव्ह करण्यासारखा आहे, हात शिवशिवतायत, आणि सोडतोय. तासन् तास. बॅटिंग करणाऱ्यालाच कळेल ते किती कठीण आहे, मारण्यापेक्षा कितीतरी कठीण.

मला त्यात आवडतं ते असं की त्याने ‘आज नीट खेळीन’ असलं काही मोघम ठरवलं नाही. एकच गोष्ट बाजूला ठेवली. आपण सगळं आयुष्य सोमवारपासून बदलायला जातो, उठणं, खाणं, पळणं, अभ्यास, फोन, सगळं एकदम, आणि बुधवारी काहीच उरत नाही. लांबपल्ला, तुम्ही एकच शॉट निवडा जो ह्या सीझनला मारायचा नाही. मला वाटतं तुमचा शॉट आहे ‘सोमवारपासून’.

अर्धा_प्रबंध

वरच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन. माझा खेळाशी काही संबंध नाही, पीएचडीचा प्रबंध लिहितेय, तीन वर्षं अडकला होता. पण धाग्यातली प्रत्येक ओळ मला लागू पडतेय म्हणून राहवलं नाही.

मला ज्याने फरक पडला ते सांगते. सगळ्यात वाईट दिवसासाठी सगळ्यात लहान काम ठरवलं. बरा दिवस असेल तर दोन तास, पण ताप असो, पाहुणे असोत, भांडण झालेलं असो, ५० शब्द. पन्नास म्हणजे हा एवढा परिच्छेदही नाही. आधी मला त्याची लाज वाटायची, कोणाला सांगायचे नाही. पण महिन्याभरात लक्षात आलं की त्या पन्नास शब्दांनी प्रबंध फार पुढे जात नव्हता पण मी रोज त्याच्यापाशी जात होते, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी फाइल उघडायची भीती वाटायची ती गेली. तीन वर्षं मला लिहिण्याची नाही, फाइल उघडण्याची भीती वाटत होती.

फोन दुसऱ्या खोलीत, ही दुसरी गोष्ट. टेबलावर पालथा ठेवून चालत नाही, मी करून बघितलंय, अर्धं लक्ष तिथेच राहतं.

लांबपल्ला, तुमचे ५० शब्द काय असतील? बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत, एवढं चालेल की.

सकाळचा_गजर

कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. हे मी उद्यापासून, नाही, आज संध्याकाळीच करतोय.

जुनी_पायवाट

माझे कोच सराव संपला की डायरीत तीन ओळी लिहून घ्यायचे. काय केलं, कुठे मन हललं, उद्या काय. दुसरी ओळ मी कित्येक वर्षं रिकामी सोडायचो, लाज वाटायची. आता वाटतं तीच ओळ खरा सराव होता. लिहा ताई, रोज तीनच ओळी, आणि दुसरी रिकामी सोडू नका.

लांबपल्ला

सात आठवड्यांनी धागा वर काढतेय. रेस काल झाली. तुम्हा सगळ्यांना आधी सांगायचं होतं पण मुद्दाम थांबले, सगळं एकदम सांगावं म्हणून.

सराव. सात आठवड्यांत नऊ दिवस चुकले. आधी चुकलेले दिवस मोजायचेही धाडस नसायचं. त्यातले चार सलग, तापामुळे. पाचव्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले, ११ मिनिटं, आणि वहीत ‘११ मिनिटं’ असं लिहिलं. त्या संध्याकाळी मला इतकं बरं वाटलं की १८ किलोमीटर पळूनही वाटलं नव्हतं. ‘सोमवारपासून’ हा शब्द एकदाही वापरला नाही, चौथा_स्टंप तुमचे विशेष आभार. अभ्यास आता संध्याकाळी करते, रविवारी सकाळी पुस्तक उघडत नाही. त्यात पण वाईट दिवसासाठी एक पान ठरवलंय, परीक्षेला अजून तीन महिने आहेत.

वाक्याचं सांगते. ‘अजून शिल्लक आहे’ टाकून दिलं, दुसरी तीन घेऊन बघितली, ती पण नाही टिकली. जे टिकलं ते फार साधं आहे, ‘हे माहितीये’. म्हणजे तो आवाज आला, हिशोब सुरू झाला की फक्त म्हणायचं, हे माहितीये. तू १४ ला येतोस, माहितीये. त्याच्याशी भांडत नाही, त्याला गप्प पण करत नाही. गंमत म्हणजे तो येतो आणि थोडा वेळ शेजारी पळतो आणि कधी गेला ते कळतही नाही.

काल १३ ला पाणी, १४ ला तो आला, माहितीये म्हटलं, खांब बघत गेले. १५, १६, १७ पळत. १९ ला मात्र चढ होता आणि दोन्ही मांड्या पेटल्या, काका म्हणतात तसं पसरलेलं, दोन्हीकडे सारखं. तिथे मी चाललेच. पण तेही कागदावर होतं, चालायची वेळ आलीच तर ४० पावलं मोजायची आणि एकेचाळीसावं पाऊल पळत. चाळीस झाली आणि मी खरंच पळायला लागले, मला स्वतःलाच विश्वास बसेना, कारण आजवर एकदा चालल्यावर परत नीट पळणं मला कधीच जमलं नव्हतं. २ तास १६ मिनिटं. मागच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा चार मिनिटं कमी.

घरी येऊन दोन तास झाले तेव्हा जिना उतरता येत नव्हता, कठडा धरून एकेक पायरी उतरले. पाय अजिबात ताजे नव्हते. मला परत रडू आलं पण वेगळं.

वहीतली दुसरी ओळ, ‘१९ ला मन हललं, चढावर’. तिसरी ओळ, ‘दोन दिवस आराम, मग बुधवारी साडेसहाला ४ किलोमीटर हळू, चढाच्या रस्त्याने’. प्रश्नचिन्ह, चढाचा सराव वाढवताना आठवड्यात किती वेळा घ्यावा ह्याबद्दल सायकलवाले काय करतात ते सांगाल का? काका तुम्हीही सांगा.